तळ्याला वाढलेली हुग्गी

आमच्या तळ्यातले मासे मी मारले. हे पयलं लिहून घ्या सर, म्हणजे पुढचं सांगायला मला मोकळं वाटंल. इख घातलं न्हाय, करंट सोडला न्हाय, कुणाशी वैर म्हणून तर अजिबात न्हाय. जेवायला घालून मारले. हुग्गी घालून. खपली गव्हाची, गूळ घालून शिजवलेली, वरनं वेलदोडा आन तूप सोडलेली लग्नातली हुग्गी. आन मासे मेल्यावर गावानं दुसऱ्याच माणसाकडं बोट केलं, आन तळ्यातलं सगळ्यात जास्त ज्याला कळतं असं गाव म्हणतं, तो मी वरीसभर गप बसलो. आता सांगताना हसू येतं, व्हय, तुमीबी हसा, पण त्या वरसात मला काय हसू आलं न्हाय.

माझं नाव सिद्राम. आमचं मूळ भीमेकाठचं, अक्कलकोटच्या पल्याडचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आई रागावायची कानडीत आन लाड करायची तेबी कानडीत, मधला संसार सगळा मराठीत. बाप नदीत जाळं टाकायचा. पुढं नदीत पाणी कमी आन जाळी जास्त झाली, तवा बाप बिऱ्हाड घेऊन कुंभारीच्या पुढं ह्या गावात आला, का तर हितं तळं हाय. लई मोठं न्हाय. ह्या काठावर कुणी शिंकलं तर त्या काठावरचा माणूस वळून बघतो, एवढंच. नाव परवडायची न्हाय म्हणून बाप ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवायचा आन तिच्यावर बसून हातानं पाणी मारत जाळं सोडत जायचा. मीबी तसाच जातो. पोट सुटलंय म्हणून ट्यूब जरा जास्त बुडते.

बापानं मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. माशाला पेंड टाकायची ती आपल्या मुठीकडं बघून टाकायची, माशाच्या तोंडाकडं बघून न्हाय, मासा कायम भुकेलेलाच दिसतो. हे ध्यानात ठेवा सर, पुढं लागणार हाय. मी न्हाय ठेवलं.

तळं आमा पाच-सहा घरांनी मिळून ठेक्यानं घेतलेलं असतं. पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं सोडायची, कटला, रोहू, मृगळ, आन उन्हाळ्यात पाणी उतरलं की काढायची. चिलापी आन मरळ आपापली असतातच, त्यांना कुणी बोलवावं लागत न्हाय. आमच्या गटात मल्लप्पा म्हणून हाय, किराणा दुकान हाय त्याचं, मासे धरायला कधी पाण्यात उतरत न्हाय, पण पाण्याविषयी बोलायला सगळ्यात पुढं. माणूस वाईट न्हाय. आवाज मोठा हाय.

आन तळ्याच्या वरच्या अंगाला नरसय्याची शेड. हा नरसय्या माझा जवानीपासूनचा दोस्त. तेलुगू माणूस, पद्मशाली, शहरातल्या मागवाल्यांच्या घरातला. चादरी-टॉवेलाला लागणारं सूत रंगवायचा त्यांचा धंदा. शहरात जागा पुरंना म्हणून त्याच्या बापानं हितं शेड टाकली. सुताच्या लडी रंगाच्या हौदात बुडवायच्या, पिळायच्या, बांबूवर वाळत घालायच्या. आज कुठला रंग चाललाय ते गावाला त्याच्या हाताकडं बघून कळायचं. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा हाय, तरी मला अन्ना म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. मी म्हणायचो अरे मोठा तू हायस, तर म्हणायचा पोट कुणाचं मोठं हाय ते बघ. रंगाचं पाणी त्याच्या शेडमागं खड्ड्यात जायचं आन तितंच वाळायचं. लई पाऊस झाला तर थोडं नाल्याला लागायचं, हे खोटं कशाला सांगू. पण उन्हाळ्यात न्हाय.

आता लग्नाचं सांगतो. माझी एकुलती पोरगी रेणुका, नर्सचं शिकली, पुण्याला दवाखान्यात लागली, आन तितंच लॅबमधल्या एका पोराशी तिचं जमलं. मला फोनवर म्हणाली, अप्पा, रागवू नका, मुलगा रत्नागिरीकडचा हाय, खाडीकाठचा, त्याचे वडील मासे धरतात. मी रागावणार काय, सर, मी तर कलावतीला हाक मारली, कलावती म्हणजे आमची मंडळी, म्हणलं अगं ऐक, पोरीनं एवढं शिकून शेवटी जाळ्यातच घर बघितलं.

व्याही वसंतराव बघायला आले तवा मी त्यांना पयलं तळं दाखवायला नेलं. ते काठावर हुबे राहिले, इकडनं तिकडं बघितलं आन म्हणाले, व्याही, हे तुमचं सगळं पाणी? एवढंच? मी म्हणलं व्हय, म्हणून आमच्यात मासा हरवत न्हाय. तिथनं आमचं जमलं ते जमलंच.

लग्न वैशाखात धरलं, आमच्याच दारात मांडव घालून. आचारी म्हणाला, सिद्रामअण्णा, हुग्गीची एक काहील रग्गड झाली, ते कोकणी लोक भात खाणारे, गोड गहू कितीसा खातील. मी ऐकंना. मी म्हणलं पाव्हणं समुद्रावरनं येणार, रातभर बसमधनं येणार, भुकेजलेलं असणार, माझ्या पोरीच्या लग्नात कुणी पातेल्याचा तळ बघितला असं व्हायला नको. एकाच्या तीन काहिली केल्या. वऱ्हाड आलं, बसलं, आमटी खाऊन सगळ्यांची नाकं लाल झाली, भात संपला, पाणी संपलं, आन हुग्गी म्हणाल तर चमचाभर. त्यांच्यातली एक म्हातारी मला विचारते, ह्यां काय वो, खीर की शिरा? मी म्हणलं मावशी, दोन्हीची आई हाय. व्याही आपले पानावर बसून मला चिडवतायत, मासेवाल्याच्या घरचं लग्न आणि पानात मासा नाय. मी म्हणलं मासे तळ्यात मोजून ठेवलेत, बारशाला देतो.

नरसय्यानं आहेरासाठी टॉवेल स्वतः सूत रंगवून विणून आणले होते. आभाळी रंगाचे. वऱ्हाडातल्या एकूणएक बाप्याच्या खांद्यावर तो टॉवेल, आन नरसय्या मांडवात फिरतोय निळे हात घेऊन, प्रत्येकाला सांगतोय, धुवा हो, किती बी धुवा, रंग जाणार न्हाय.

दुपार कलली तशी पाठवणी झाली. बस कोपऱ्यावरनं वळली आन माझ्या घरात आवाजच राहिला न्हाय. मांडव रिकामा, आन मांडवाच्या मागं दोन काहिली हुग्गी, भात, आमटीचं पातेलं. वाड्यावस्त्यांवर वाटली तेवढी वाटली, पण सगळं गाव आमच्याकडंच जेवलेलं, कोण घेणार. कलावती म्हणाली म्हशींना घाला. मी म्हणलं खुळी का काय, एवढा गूळ आन गहू जनावराच्या पोटात गेला तर फुगून मरंल. बघा सर, म्हशीच्या पोटाचा विचार केला मी. उकिरड्यावर टाकायला जीव होईना, अन्न हाय ते. मग मनात आलं, रेणुका लहान असताना काठावर बसून माशांना चुरमुरे टाकायची, एकेकाला नाव घेऊन टाकायची. तिच्या लग्नाचं जेवण गावानं खाल्लं, बसच्या ड्रायव्हरनं खाल्लं, आन तिच्या माशांनी खाल्लं न्हाय, हे कसं.

मासे न्यायची माझी टमटम हाय, तिच्यात सगळं भरलं आन बांधावर गेलो. कलावती शेजारी बसली होती. दिस मावळायचा होता, पण ऊन तरी कुटं, चार-पाच दिवस आभाळ नुसतं भरून आलेलं, पडत न्हाय आन जात न्हाय, उकाडा असा की झाडाचं पान हलंना. तळं उन्हाळ्यानं उतरून कमरेएवढं झालेलं, पाणी हिरवं. मी आपला पंगतीत वाढतात तसं पळीनं वाढायला लागलो. मासे आले, सर, लई आले, पाणी नुसतं उकळल्यासारखं. मी म्हणलं खावा, खावा, ताईचं लग्न हाय. रडतबी होतो आन हसतबी होतो. मग पळी ठेवली आन पातेलंच कलंडवलं. मग काहिली. कलावती म्हणाली, अवं लई झालं, बास करा. मी म्हणलं आज लग्न हाय, आज कुणाला बास म्हणायचं न्हाय. मूठ बघायला सांगितलेलं बापानं, आन मी काहील कलंडवली.

सकाळी उजाडायला उठलो ते वासानं न्हाय, आवाजानं. तळ्याकडनं चपक चपक असा आवाज येत होता, शंभर माणसांनी एकदम चहा भुरकल्यासारखा. जाऊन बघतो तर मोठे मोठे कटले वर आलेले, तोंड पाण्याबाहेर, आ करून हवा ओढतायत. काही आडवे झालेले. सूर्य वर आला तोवर बांधाकडंचं सगळं पाणी पांढरं, पोटं वर. कटले गेले, मोठे रोहू गेले. बोटाएवढी चिलापी मात्र काठाला जिवंत होती, बेडकं जिवंत, आन मरळ तर मजेत, तिचं काय, ती वर येऊन तोंडानं हवा घेते, तिला पाण्यातली हवा नसली तरी चालतं.

हे मी बघितलं. आन सर, मला तवाच कळलं. शाळेतलं न्हाय कळत मला, पण इख पडलं असतं तर चिलापी आन बेडूक पयले मेले असते आन मरळबी वाचली नसती, हे आमच्यातल्या पोरासोरालाबी कळतं. हे मासे इखानं न्हाय, गुदमरून मेलेत. आन बांधाच्या दगडांवर हुग्गी वाळून चिकटलेली.

तोवर गाव जमलं. काय एकेक कारणं निघाली. एक म्हणाला रातच्याला वीज चमकली. एक म्हणाला मोबाईलचा टावर. एका म्हातारीनं सांगितलं लग्नात आलेल्या परक्या लोकांची नजर लागली, एवढे मासे त्यांनी कधी बघितले नसतील. समुद्रावरच्या लोकांनी, सर. मग मल्लप्पा आला, सगळ्यांना बाजूला सारून पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला आन म्हणाला, ह्यो रंग हाय. नरसय्याचं पाणी. आन सगळ्यांना एकदम पटलं, कारण नरसय्याची शेड डोळ्यासमोर दिसत होती, खड्डा दिसत होता, निळा, आन माझी हुग्गी पाण्याखाली होती.

मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण मागनं ती नजरवाली म्हातारी म्हणाली, पोरीचं लग्न काय आन तळं काय, ह्या लग्नाचा पायगुणच बघा. आन माझं तोंड मिटलं. म्हणलं आता सांगितलं की लग्नाच्या हुग्गीनं तळं मेलं, तर हे माझ्या रेणुकाच्या नावाला जन्मभर चिकटंल. कलावतीनं माझ्याकडं बघितलं. मी पायाकडं बघितलं.

सरकारी माणूस आला, चांगला होता, बाटलीत पाणी भरून घेतलं, म्हणाला पाण्यातली हवा कमी झाली असंल, काही मिसळलंबी असंल, उकाडाबी कारण असतो, तपासल्याशिवाय सांगता यायचं न्हाय. मल्लप्पानं त्यातलं नेमकं काही मिसळलंबी असंल एवढंच ऐकलं. बाटली गेली ती गेली. मग बैठक झाली आन नरसय्याला सांगितलं, शेड बंद कर. त्याच्याकडं कामाला येणाऱ्या बायका घरी बसल्या. तो रोज स्कूटरवर शहरात चुलतभावाच्या शेडवर जायला लागला, स्वतःचे हौद कोरडे ठेवून.

आन असं शहरात जायला लागायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडं आला होता. मी अंगणात जाळं शिवत होतो. हुबा राहिला, बसला न्हाय. म्हणाला, अन्ना, तू मासेवाला हाय. गाव काय बोलते ते सोड. तू सांग. माझ्या पाण्यानं मेले का? काय सांगू तुमाला, जाळ्याची गाठ माझ्या हातात तशीच राहिली. मी म्हणलं, आता काय सांगावं. एवढंच म्हणलं. आता काय सांगावं. तो मान हलवून गेला. व्हय म्हणलं न्हाय, न्हाय म्हणलं न्हाय, मला वाटलं खोटं तरी कुटं बोललो. पण वरीसभर ते तीन शब्द माझ्या कानात वाजत होते. कलावती भाकरी वाढताना म्हणायची, अजून एक देऊ? मी म्हणायचो, आता काय सांगावं. ती म्हणायची, तेच सांगत बसा.

वरीस फिरलं आन रेणुकाला मुलगी झाली, पयलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडं. बारसं ठरलं. व्याही दोन दिवस आधी आले, एका हातात नातीचं झबलं आन दुसऱ्या हातात सुकट. चहा घेतला न घेतला तोच म्हणाले, चला व्याही, तुमचं सगळं पाणी दाखवा. बारशाला मासे देणार होतात ना.

गेलो. गेल्या पावसाळ्यात नवी पिल्लं सोडली होती, पण तळं आपलं शांत, कटले लहान. ते म्हणाले मोठा मासा कुठं गेला? मी म्हणलं मेला. कशानं? मी म्हणलं, आता काय सांगा... आन थांबलो. तर ते काठावर फतकल मारून बसले, म्हणाले सांगता नाय आलं तर मी विचारतो. आमच्या खाडीत पण असं होतं, अधनंमधनं मासा एकदम वर येऊन मरतो. लोक आधी वरच्या कारखान्याकडे बोट करतात. आणि काही वेळा कारखानाच असतो हो, नाय असं नाय, आम्ही जाऊन भांडलोय. पण दरवेळी तो नसतो. कधी पयला पाऊस नदीतून एवढं गोडं पाणी आणतो की खाऱ्यातला मासा गांगरतो. कधी भांगाचे दिवस असतात, भरती-ओहोटीला जोर नसतो, पाणी आत-बाहेर होत नाय, त्यात उन्हाळा, पाणी तापतं, शेवाळ माजतं. आणि आमच्याकडे काथ्यासाठी नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजत घालतात, तिथं तर मासा फिरकत नाय. मी विचारलं का? म्हणाले, कुजणाऱ्या वस्तूला पण श्वास लागतो व्याही, ती पाण्यातली हवा खाते, माशाला उरत नाय. रात्री हिरवं पाणी पण हवा खातं. म्हणून मासा उजाडताना मरतो. तुमचा कधी मेला?

उजाडताना, मी म्हणलं.

मोठा आधी की बारका?

मोठा.

बेडूक?

जिवंत.

आभाळ?

भरलेलं. वारा न्हाय.

मग पाण्यात कुजलं काय, व्याही? एवढी काय कुजणारी वस्तू पडली?

सर, आभाळी टॉवेल होता त्यांच्या खांद्यावर. तोच, नरसय्याचा. वरीसभर धुऊन तसाच. मी त्या टॉवेलाकडं बघितलं आन म्हणलं, हुग्गी. ते म्हणाले काय? मी म्हणलं तुमी लोकांनी खाल्ली न्हाय ती हुग्गी. दोन काहिली. आन मग सगळं सांगितलं, नरसय्याचंबी. मला वाटलं हा माणूस आता लग्नाचा अपशकुन काढतो का काय. तर ते हसायला लागले, असे हसले की काठावरची बगळी उडाली. म्हणाले, म्हंजे आम्ही जेवलो नाय म्हणून मासे मेले? तर अर्धा दोष आमचा. मी म्हणलं न्हाय, पूर्णच माझा हाय. तवा ते हसायचे थांबले. म्हणाले, हे मला कशाला सांगता? ज्याचा टॉवेल आहे त्याला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शहरात गेलो, नरसय्याच्या चुलतभावाच्या शेडवर. वाफ, रंगाचा वास, आन नरसय्या हौदावर वाकलेला. मी म्हणलं बोलायचंय. तो म्हणाला, एमय्या, काय रे, दिसत न्हाय का, सूत उकळतंय, हात लाव. मी हात लावला. ओल्या सुताची लडी एवढी जड असते, मला वाटलं मरळच धरली. ती पिळता पिळता मी सांगितलं. हुग्गी, बांध, बेडूक, पायगुण, आता काय सांगावं, सगळं.

त्यानं लडी सोडली. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, अय्यो, मला वाटलं मीच मारले. मी म्हणलं काय? तो म्हणाला, तू मासेवाला, तू न्हाय म्हणला न्हाय. म्हणजे माझंच पाणी. खाली जमिनीतून गेलं असंल, मला काय कळतंय. वरीसभर मी मासा खाल्ला न्हाय, अन्ना. घरात मासा शिजला की मी बाहेर जाऊन बसतो. बायको विचारते देवाचं धरलं का, मी म्हणतो पित्त हाय. तुझ्या हुग्गीसाठी मी वरीसभर वांगं खाल्लं.

सर, गावानं त्याला दोष दिला ते मला दिसत होतं. पण माझ्या त्या तीन शब्दांनी त्यानं स्वतःलाच दोष दिला, हे मला म्हाईत नव्हतं. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर म्हणाला, हितं न्हाय. हितं वाफेत कोण बघतंय. गावात माझं नाव गेलं, तर गावात बोल. कानात सांगून चालणार न्हाय. आन मला मरळ पायजे, मोठी, तिखट करून. वरीसभराची.

घरी आलो तर हात कोपरापर्यंत निळे. साबण, राख, रॉकेल, काही केल्या जाईना. रेणुकानं विचारलं, अप्पा, हे काय? तिला सगळ्यात आधी सांगितलं, तिच्या नावाचं भ्यालो होतो ना मी. बाळाला थोपटत म्हणाली, अप्पा, माझा पायगुण जपायला नरसय्याकाकाचं नाव घालवलं तुमी? मला विचारायचं तरी. एवढंच बोलली. पोरीनं जावयाला हाक मारली आन बारशाच्या निमंत्रणाला नरसय्याकडं दोघं जाऊन आले, बाळ घेऊन.

आता सगळं बरं चाललंय. नरसय्याची शेड परत सुरू हाय, आन खड्डा त्यानं सिमेंटनं बांधून घेतलाय, कुणी न सांगता, पावसाळ्यातबी थेंब नाल्याला जात न्हाय. मल्लप्पा म्हणतो मला आधीच शंका होती, म्हणू दे. गटातल्या घरांना त्या सालची तूट मी माझ्या वाट्यातनं फेडतोय, पेंड मी मुठीनं टाकतो, आन कुणाच्या घरी कार्य असलं की आचारी मला लांबनं हाक मारून विचारतो, अण्णा, तळ्याला किती पानं धरू? बारशालाबी हुग्गी होती, पण एकच काहील, आन व्याह्यांनी दोन वाट्या खाल्ली, म्हणाले तळं वाचवायला खातोय. नातीचं नाव वसुधा ठेवलं. तिला सगळ्या माशांचं आयुष्य लागू दे.

पण बारशाला मी काय बोललो तेवढं जसंच्या तसं लिहा, सर, कारण ते वरीसभर पोटात होतं. पानं वाढून झालेली, गाव बसलेलं, मल्लप्पा पयल्या ओळीत, नरसय्या मरळीच्या वाटीपुढं, अजून हात न लावता. मी मधे हुबा राहिलो, निळे हात घेऊन. लोकं हसायला लागली, म्हणाली सिद्राम कधीपासून रंगवाला झाला. मी हसू दिलं. मग म्हणलं:

नरसय्या, मासे तुझ्या पाण्यानं मेले न्हाईत. माझ्या हुग्गीनं मेले. रेणुकाच्या लग्नाची हुग्गी मी तळ्यात कलंडवली, ती कुजली, मासे गुदमरले. मला त्याच सकाळी कळलं होतं. तू माझ्या अंगणात येऊन विचारलंस, तवा मला उत्तर म्हाईत होतं, आन मी म्हणलं आता काय सांगावं. हे सांगायचं होतं. माझं चुकलं. जेव आता.